मदत हवी आहे: उंदराच्या नडगीत टोचलेल्या पेशी बाहेर गळतात, गाठ स्नायूत वाढते

नमस्कार मंडळी. मी जळगावला फार्मसीत पीएचडी करतोय. विषय ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग. नैतिकता समितीची मंजुरी हातात आहे. उंदीर बाल्ब-सी जातीचे, टोचतो त्या कर्करोगाच्या पेशी के७एम२. या पेशी मूळच्या बाल्ब-सी उंदराच्याच गाठीतल्या, त्यामुळे न्यूड (प्रतिकारशक्ती कमकुवत असलेले) उंदीर लागत नाहीत. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या उंदरातही गाठ धरते आणि पुढे फुप्फुसात पसरते. मला तेच बघायचंय, कारण या आजारात मुलं दगावतात ती बहुतेक फुप्फुसातल्या गाठींनीच.

अडतंय ते टोचण्यात. भूल दिली की गुडघा दुमडतो आणि वाटीच्या खालून २७ गेजची सुई बोटांत फिरवत फिरवत नडगीत उतरवतो. आधी बारीक चुरचुर लागते, मग सुई एकदम सैल पडते. तिथेच हात थांबवून २० मायक्रोलिटरमध्ये १० लाख पेशी सोडतो. सुई काढताना भोकाशी थेंब येतो, हे मी स्वतः पाहिलंय. १२ पैकी ५ उंदरांत गाठ पोटरीत वाढली, एक्स-रेत हाड मात्र धडधाकट.

त्याहून मोठी धास्ती वेगळीच आहे. दाबाने पेशी मज्जेतल्या शिरांत शिरून थेट फुप्फुसात गेल्या असतील, तर तो पसरलेला आजार नाहीच, मीच नेऊन ठेवलेला. मग औषधाचा गुण कशावर मोजू?

१० मायक्रोलिटरवर आलो तर गळती थांबेल का? भोक बोन वॅक्सने (हाडासाठी वापरतात त्या मेणाने) बुजवायचं कुणी करून पाहिलंय का? आणि वेदनाशामक कोणतं देता? मेलोक्सिकॅम देतोय, पण ते सूज कमी करणारं औषध असल्यामुळे गाठीच्याच वाढीत ढवळाढवळ करेल अशी भीती वाटते. ब्युप्रेनॉर्फिन या अफूसारख्या वेदनाशामकाच्या परवानगीचे कागद करताना दमलोय, पण लंगडणारा उंदीर तसाच ठेवणं मला जमणार नाही.

अमळनेरचा माझा भाचा पंधरा वर्षांचा. 'मामा, पाय भलता दुखस रे' म्हणायचा. घरच्यांनी तीन महिने मालिश केली. मुंबईला नेलं तेव्हा फुप्फुसात डाग होते. म्हणून हे मॉडेल मला नीट बसवायचंय.

पुढची तुकडी सोमवारी टोचायची आहे. स्वतः हाताने केलेल्यांनी कृपया लिहा, एक्स-रे लागले तर इथेच टाकतो.