मदत हवी आहे: सिरियल पोर्टची रीड रद्दच होत नाही

काटेवाला_निपाणी: उसाच्या वजनकाट्याचा प्रोग्राम लिहिलाय, काट्याचा आकडा सिरियल पोर्टवरून वाचतो (तीच रीड). 'थांबवा' दाबलं की कॅन्सलआयओ (रीड रद्द करायचं फंक्शन) बोलावतो. एरर येत नाही, पण रीड तशीच लटकलेली. काल ट्रॉली काट्यावर, आकडा १८,४२० वर गोठलेला आणि मागं अकरा ट्रॅक्टर हॉर्न मारत उभे. दोन दिवस यातच गेले. लवकर सांगा कुणीतरी.

खानापूरकर: विंडोज की लिनक्स? भाषा कुठली?

काटेवाला_निपाणी: विंडोज १०, सी++. काट्याला दुसरं काय असणार?

टिळकवाडी: यूएसबीची कन्व्हर्टर वायर आहे का? आमच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत असंच व्हायचं. वायर बदलली, थांबलं.

खानापूरकर: वायरीचा संबंध नाही. रीडफाइल (वाचायचं फंक्शन) कुठल्या थ्रेडमधून, म्हणजे प्रोग्रामच्या कुठल्या समांतर धाग्यातून टाकताय? आणि कॅन्सल?

काटेवाला_निपाणी: रीड वेगळ्या थ्रेडमधून. बटण मुख्य थ्रेडवर.

खानापूरकर: तिथंच गाठ आहे. कॅन्सलआयओ ज्या थ्रेडमधून बोलावता, त्याच थ्रेडच्या रिक्वेस्ट रद्द करतं. कॅन्सलआयओईएक्स घ्या, व्हिस्टापासून आहे. त्याला थ्रेड कुठलाही चालतो. ओव्हरलॅप्डचा (त्या रीडची नोंद ठेवणाऱ्या स्ट्रक्चरचा) पत्ता दिला तर तेवढीच रिक्वेस्ट, नल (रिकामा) दिला तर त्या हँडलवरच्या, म्हणजे उघडलेल्या पोर्टवरच्या सगळ्या.

चिकोडी_७७: एवढं कशाला? टर्मिनेटथ्रेड मारा, थ्रेडच जबरदस्तीनं बंद. मी सात वर्षं तेच करतोय.

खानापूरकर: दादा, हे नवीन पोरांना सांगू नका. त्या थ्रेडनं हीपचं (मेमरी वाटपाचं) लॉक धरलेलं असलं तर अख्खा प्रोग्राम अडकतो.

चिकोडी_७७: माझा कधी अडकला नाही. बरं, मग सेटकॉमटाइमआउट्स लावा, २०० मिलिसेकंदांत रीड आपसूक परतते.

खानापूरकर: हे मात्र चांगलं आहे.

मारुती_गल्ली: लिनक्सवर या. आयओ-यूरिंगमध्ये (तिथली वाचन-लेखनाची यंत्रणा) कर्नल ५.५ पासून रद्द करायची सोय आहे.

काटेवाला_निपाणी: अण्णा, मालकाचं सगळं बिलिंग विंडोजवर आहे. ईएक्स लावलं, रीड सुटली! पण आता बंद करताना प्रोग्राम मधूनच कोसळतोय.

खानापूरकर: कॅन्सलनंतर लगेच बफर (वाचलेला आकडा ठेवायची मेमरीतली जागा) डिलीट करताय ना?

काटेवाला_निपाणी: होय की, पुढच्याच ओळीत. रद्द झाल्यावर ठेवायचं कशाला?

खानापूरकर: रद्द झालेलं नसतं, रद्द करा म्हणून फक्त सांगितलेलं असतं. रिक्वेस्ट संपेपर्यंत बफर आणि ओव्हरलॅप्ड दोन्ही ड्रायव्हरच्या ताब्यात. तुम्ही मोकळ्या केलेल्या जागेत तो नंतर लिहितो आणि तिथं दुसरंच काहीतरी बसलेलं असतं. आधी गेटओव्हरलॅप्डरिझल्ट बोलवा, शेवटचा पॅरामीटर ट्रू, म्हणजे रिक्वेस्ट संपेपर्यंत ते थांबतं. एरर ९९५ आली म्हणजे रद्द झालं. कॅन्सल पोचायच्या आत वजन वाचून झालेलं असलं तर रीड यशस्वी म्हणून येईल. ते वजन टाकून देऊ नका, शेतकऱ्याचं आहे. कॅन्सलकडूनच ११६८ आली तर रद्द करण्यासारखं काही सापडलं नाही, एवढंच. तरीही रिझल्ट घ्या.

नवशिका: सी++ चा चांगला क्लास बेळगावात कुठं आहे? बेंगळुरूला जायची ऐपत नाही.

काटेवाला_निपाणी: चाळीस वेळा चालू-बंद केलं, एकदाही कोसळला नाही. खानापूरकर, फार उपकार झाले. एकदा ११६८ आली, रिझल्टमध्ये १,६२८ मिळालं, ते पावतीवर छापलं.

खानापूरकर: भरलेली ट्रॉली १,६२८ किलोची? ओळ संपल्याची खूण आली होती का? रीड यशस्वी झाली तरी आकडा अर्धवट असू शकतो. पुढचा शून्य मागं राहिला असेल.

काटेवाला_निपाणी: खूण तपासलीच नाही. ट्रॉली अजून गेटवर आहे, पावती परत घेतो.