भावाच्या रिपोर्टमध्ये ट्रान्सलोकेशन आलंय, कुणी समजावून सांगेल का?

नमस्कार. आम्ही सोलापूरचे. वहिनीचे लागोपाठ गर्भपात झाले म्हणून डॉक्टरांनी दोघांचं कॅरिओटाइप, म्हणजे पेशींतल्या क्रोमोसोमची (गुणसूत्रांची) तपासणी, करायला लावलं. वहिनीचं नॉर्मल आलं. भावाच्या रिपोर्टवर लिहिलंय: ४६,एक्सवाय,टी(११;२२)(क्यू२३;क्यू११). म्हणजे ११ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी बसलेत. आजवर नातेवाइकांनी वहिनीलाच बोल लावला, आता तो भावाला लागू नये असं फार वाटतं.

माझी समजूत अशी आहे: जनुकातलं म्युटेशन डीएनएच्या एखाद-दुसऱ्या अक्षराचंही असतं, ते या तपासणीत दिसत नाही. इथे तुकडाच्या तुकडा हललाय, पण हरवलेलं काही नाही. म्हणून 'बॅलन्स्ड' म्हटलंय आणि भाऊ ठणठणीत आहे. घोळ होतो तो शुक्राणू तयार होताना. गर्भाकडे एखादा तुकडा जास्त किंवा कमी गेला की तो बहुतेकदा टिकत नाही. बरोबर आहे का हे?

भाऊ चादरीच्या कारखान्यात डाइंगला आहे. आई म्हणते, रंगांच्या केमिकलनंच झालं. पण तपासलेल्या २० च्या २० पेशींत हाच बदल आहे. कामावर लागल्यावर झाला असता तर सगळीकडे सारखाच कसा निघाला असता? जन्मापासूनच असणार, कदाचित आई किंवा बाबांकडून आलेला. हे आईला कोणत्या तोंडानं सांगू?

शिवाय सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ९ आणि २२ ची अदलाबदल होते आणि तिथेही २२ नंबरचा क्रोमोसोम तुटण्याची जागा क्यू११ अशीच लिहितात, भावाच्या रिपोर्टसारखी. ते वाचल्यापासून भावाची झोप उडालीय. पण त्यात बीसीआर आणि एबीएल ही जनुकं जोडली जातात, तेही जन्मानंतर, फक्त रक्त तयार करणाऱ्या पेशींत. म्हणजे भावाच्या बदलाचा त्याच्याशी संबंध नाही ना? जाणकारांनी एवढं तरी नक्की सांगा.

मी त्याची धाकटी बहीण, माझं लग्न ठरायचंय. आई-बाबांची तपासणी आधी करावी की थेट माझी? वहिनीला पुन्हा दिवस गेले तर ११ व्या आठवड्यानंतर सीव्हीएस (वारेचा छोटा नमुना घेऊन तपासणी) करावी, की १६ व्या आठवड्यापर्यंत थांबून गर्भजलाची तपासणी? पुण्याला जेनेटिक काउन्सेलरकडे जाणार आहोत, तिथे काय काय विचारावं आणि कोणते कागद न्यावेत?