वरच्या दोन मजल्यांना धार नाही: अख्ख्या इमारतीला हायड्रोन्यूमॅटिक, की गच्चीवर छोटा बूस्टर (प्रेशर वाढवणारा पंप)?

धागाकर्ता
पार्किंगवर सात मजले, मजल्याला चार असे २८ फ्लॅट. पाणी जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत, तिथून घरोघरी. सहाव्या-सातव्यावर शॉवरला धार नाही, आणि पाणी चढवणारा पंपही बदलायला आलाय. माझं मत: गच्चीवरची टाकी बंद करून खालीच हायड्रोन्यूमॅटिक (पंप आणि हवा भरलेली प्रेशर टाकी, पाणी थेट घरोघरी दाबाने) बसवावं, म्हणजे सगळ्यांना सारखं प्रेशर. पटत नसेल तर आकडे मांडा.

गच्चीवरून
सारखं मिळणारच नाही. सातव्यावर दीड बार (१ बार म्हणजे साधारण १० मीटर उंच पाण्याचा दाब) हवं तर पहिल्यावर १८ मीटर जास्त, म्हणजे सव्वातीन बारच्या वर. मग खाली प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह लावा. वीज खर्चून तयार केलेलं प्रेशर व्हॉल्व्हमध्ये मारायचं, हे मला मान्य नाही. शिवाय वीज गेली की २८ घरं कोरडी.

आता दुखणं कुठे आहे ते बघा. टाकीचा तळ स्लॅबच्या २ मीटर वर, शॉवर स्लॅबच्या १ मीटर खाली: सातव्याला जेमतेम ०.३ बार, सहाव्याला ०.६, पाचव्याला ०.९. आजकालच्या मोठ्या शॉवरला साधारण १ बार लागतं. म्हणजे प्रश्न आठ घरांचा आहे. त्यांना वेगळी डाऊनटेक लाइन (टाकीतून खाली येणारी), मिनिटाला ६५ लिटर आणि १५ मीटर हेडचा (हेड म्हणजे पंपाचा दाब, पाण्याच्या उंचीत मोजलेला) पाऊण एचपीचा बूस्टर. त्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसह (पाणी उलटं जाऊ न देणारा) बायपास, म्हणजे पंपाला वळसा घालणारी लाइन द्या. वीज नसतानाही आत्ताएवढं पाणी येत राहील.

वक्ररेषा
आणि सोलरचं काय? गच्चीवर काचेच्या नळ्यांचे बिनदाबाचे हीटर असतील तर बूस्टर फक्त गार पाण्याच्या लाइनवर बसतो. मिक्सरमध्ये गार दीड बारने, गरम पाव बारने. गार पाणी गरम लाइनमध्ये उलटं घुसतं आणि सोलरच्या व्हेंटमधून (हवा जायची उघडी नळी) वाहत राहतं. बूस्टर सोलरच्या आधी जोडला तर टाकीच फुगते. गच्चीवरच्या पंपाची घरघर सातव्याच्या बेडरूममध्ये ऐकू येते, तेही आहेच.

गच्चीवरून
सोलरचा आक्षेप बरोबर, पण तो खालच्या हायड्रोन्यूमॅटिकलाही तेवढाच लागू आहे. उपाय: सोलरमधून निघणाऱ्या गरम लाइनवर दुसरा छोटा बूस्टर, ७०–८० अंश सहन करणाऱ्या सीलचा, त्याच प्रेशरवर लावलेला, आणि दोन्ही लाइनींवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. आवाजासाठी पंपाखाली रबर पॅड आणि दोन्ही बाजूंना लवचीक जोड. पंप थेट स्लॅबवर आवळू नका.

वक्ररेषा
दोन बूस्टर, म्हणजे देखभालही दुप्पट. तरी सोलर असेल तर हे मान्य.

पण चढवणाऱ्या पंपाबद्दल कुणीच बोललं नाही. नेहमीचा सल्ला येणार, "५ एचपी टाका, दमदार." एचपीवरून पंप निवडू नका. १४० माणसं, माणशी १३५ लिटर, दिवसाला १८,९०० लिटर. दोन तासांत भरायचं तर सेकंदाला २.६ लिटर. उभी चढण ३१ मीटर. आतला व्यास ५० मिमी असलेल्या पाइपात, बेंड-व्हॉल्व्ह धरून, घर्षण सुमारे ३ मीटर. ४० मिमीला ८, ३२ मिमीला तब्बल २४! पाइपात काटकसर केली की ती वीजबिलातून भरावी लागते. ५० मिमी धरून ३५ मीटर हेड, ३ एचपी पुरे.

टँकरची वेळ
पाणी तासभरच येतं तिथे दोन तास कोण थांबणार? ५ एचपी चुकीचा कसा?

वक्ररेषा
नळाचं पाणी साठवायचं काम खालच्या टाकीचं, ती मोठी हवी. तरीही लवकर चढवायचं असेल तर ३६–३७ मीटरलाच जास्त डिस्चार्ज (दर मिनिटाला मिळणारं पाणी) देणारा पंप आणि ६५ मिमी पाइप घ्या. बाजारातला ६० मीटर हेडचा पंप ३५ मीटरवर लावला तर तो वक्ररेषेच्या (किती हेडला किती पाणी, हे दाखवणारा पंपाचा आलेख) उजव्या टोकाला पळतो: डिस्चार्ज वाढतो, अँपिअर चढतात, ओव्हरलोड ट्रिप होतो, सक्शन कमी पडून इंपेलर (पंपातलं फिरणारं चाक) खडखडतो. मग कुणीतरी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धा मिटून ठेवतं.

टँकरची वेळ
मग व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून वेग कमी करू.

वक्ररेषा
इथे नाही. वेग ८० टक्के केला की हेड ६४ टक्क्यांवर येतं. शून्य डिस्चार्जला ४५ मीटर देणारा पंप मग २९ मीटरच देईल, आणि चढण ३१ आहे. पाणी वर पोचणारच नाही, आतल्या आत घुसळून तापेल. व्हीएफडी शोभतो तो बूस्टरवर, कारण तिथे मागणी दर मिनिटाला बदलते.

धागाकर्ता
गच्चीवरची टाकी राहू दे, पटलं. बूस्टरला व्हीएफडी नको असेल तर प्रेशर टाकी किती लिटरची?

गच्चीवरून
१०० लिटर. पंप १.० बारला चालू, १.८ला बंद, आतली हवा ०.८ बार, पाणी पूर्ण काढून मोजलेली. दोन सुरुवातींमध्ये २५ लिटर मिळतात. हवा दर सहा महिन्यांनी तपासा. ती गेली की नळ नुसता उघडला तरी पंप सेकंदासेकंदाला चालू-बंद होतो, आणि आधी जळतो तो कॉन्टॅक्टर (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच).