चर्चा: च्यांग माईतला आठवडा ७,२०० बाटमध्ये बसतो, पण तो पुण्यापेक्षा स्वस्त म्हणावा का?

बिऱ्हाडकर (धाग्याचा आरंभ)

गेले सात महिने मी उत्तर थायलंडमधल्या च्यांग माई शहरात राहून एका जर्मन कंपनीचे काम करतो आहे. 'तिकडे पुण्याच्या निम्म्या पैशात राहता येते' हे वाक्य निघण्यापूर्वी मी इतक्या जणांकडून ऐकले होते, की पहिल्या दिवसापासून वहीत रोजचा खर्च मांडायचा असे ठरवले. त्या वहीवरून एका सरासरी आठवड्याचा हिशोब येथे देतो आणि मतभेदांना निमंत्रण देतो.

संथिताम भागात, जुन्या शहराच्या खंदकाबाहेर, चालत दहा मिनिटांवर माझी एक खोली आहे. तिचे भाडे महिन्याला ११,००० बाट, म्हणजे आठवड्याला २,५४०. वीज-पाण्याचे ३२५ बाट होतात, कारण घरमालक विजेचे युनिट आठ बाटने लावतात आणि सरकारी दर चारच्या आसपास आहे. ही पद्धत येथे इतकी सर्रास आहे की त्यावर वाद घालणारा नवखा समजला जातो. खाण्यापिण्याचे २,१००, को-वर्किंगच्या जागेचे ८१०, भाड्याच्या स्कूटरचे पेट्रोलसह ७५०, मोबाइल आणि नाण्यांवर चालणारी धुलाई यंत्रे मिळून १९०, आणि किरकोळ ४८५. बेरीज ७,२०० बाट. बाट २ रुपये ७० पैसे धरला तर १९,४४० रुपये. पुण्यात बाणेरला एकटा राहत असताना माझे आठवड्याला साधारण १६,५०० रुपये जात असत.

तात्पर्य, 'निम्म्या पैशात' हे खोटे आहे. आठवड्याला तीन हजार रुपये जास्तच लागतात. तरीही हा सौदा मला चांगला वाटतो. माझे काम दुपारी सुरू होते, त्यामुळे सकाळी मी डोंगरातल्या वाट फा लात या मंदिरापर्यंतची जंगलवाट चढून येतो, मुआंग माईच्या बाजारातून फळे आणतो आणि रविवारी संध्याकाळी थापे दरवाजापासून भरणाऱ्या बाजारात हिंडतो. एवढ्यासाठी तीन हजार मला जड वाटत नाहीत.

ताळेबंद

तुमच्या वहीच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, पण आठवडा हे मापच चुकीचे निवडले आहे. घरापासून दूर राहणाऱ्या माणसाचे सर्वांत मोठे खर्च वर्षातून एकदा किंवा दोनदा येतात आणि सरासरी आठवड्यात ते कधीच सापडत नाहीत.

तुम्ही नक्कीच डीटीव्हीवर, म्हणजे परदेशी कंपनीचे काम थायलंडमधून करणाऱ्यांना मिळणाऱ्या व्हिसावर, असणार. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेला हा व्हिसा पाच वर्षांचा असला, तरी प्रत्येक प्रवेशावर १८० दिवसच राहता येते. त्याचे शुल्क १०,००० बाट, म्हणजे पाच वर्षांत वाटून वर्षाला ५,४०० रुपये पडले. वर्षात दोनदा घरी येण्याजाण्याचे ५५,००० आणि बऱ्यापैकी आरोग्यविम्याचे ४५,००० धरू. आता धुराकडे येऊ, ज्याचा उल्लेख तुमच्या वहीत नाही. सात महिन्यांत तो हंगाम तुमच्या वाट्याला आलेला नसावा. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत आसपासच्या जंगलांत आणि मक्याच्या शेतांत आगी लागतात किंवा लावल्या जातात, शहर डोंगरांच्या खोलगट भागात असल्याने धूर तिथेच साचून राहतो, आणि मार्चमधले कित्येक दिवस जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत च्यांग माईचे नाव असते. ज्याच्या पायवाटेचे तुम्ही वर्णन केले, तो दोई सुथेप डोंगरच तेव्हा शहरातून दिसेनासा होतो. बहुतेक परदेशी लोक दोन महिने समुद्रकाठी पळतात, मात्र संथितामच्या खोलीचे २२,००० बाट, म्हणजे जवळपास ६०,००० रुपये, द्यावेच लागतात.

एकूण १,६५,४०० रुपये झाले. बावन्नने भागले तर आठवड्याला सुमारे ३,२०० वाढले. तुमच्या तीन हजारांचे सहा हजार झाले.

शिवाय व्हिसासाठी पाच लाख बाटची शिल्लक दाखवावी लागते, म्हणजे साडेतेरा लाख रुपये. ज्याच्याकडे एवढी रक्कम मोकळी आहे त्यानेच 'तीन हजार जड वाटत नाहीत' असे लिहावे, हेही ओघाने आले.

नाम-प्ला-नको

मी येथे तिसरे वर्ष काढते आहे. ताळेबंद यांचा आकडा मला मान्य आहे, पण बिऱ्हाडकर यांचा खाण्याचा आकडाही तपासायला हवा. २,१०० बाटमध्ये भागते ते मांसाहारी माणसाचे. मी शाकाहारी आहे, आणि रस्त्यावरच्या साठ बाटच्या थाळीत भाजीलासुद्धा नाम प्ला, म्हणजे माशांचा रस, किंवा ऑयस्टर सॉस असतो. 'माई साइ नाम प्ला', म्हणजे नाम प्ला घालू नका, हे मी थाई भाषेत शिकलेले पहिले वाक्य. माझे टोपणनाव तिथूनच आले. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे', म्हणजे पूर्ण शाकाहारी, असे लिहिलेली दुकाने खात्रीची असतात, पण त्यातली बरीचशी दुपारनंतर मिटतात. त्यामुळे रात्रीचा स्वयंपाक मी घरी करते. तूरडाळ आणि कणीक वारोरोत बाजाराजवळच्या भारतीय दुकानांतून आणावी लागते आणि ती पुण्याच्या भावाने मिळत नाही. माझे खाण्याचे आठवड्याला २,८०० बाट होतात.

आणखी एक गोष्ट, स्कूटरबद्दल. तुमच्याकडे दुचाकी चालवण्याची परवानगी नमूद केलेला आंतरराष्ट्रीय परवाना नसेल, तर पोलिसांचा दंड हा त्यातला लहान भाग आहे; अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करते. तो परवाना भारतातून निघण्यापूर्वी काढून आणावा लागतो. मी लाल सोंगथाव, म्हणजे मागे दोन बाकडी असलेली सामायिक गाडी, तीस-चाळीस बाट देऊन वापरते आणि शांत झोपते.

शिवोलीकर

दोघांच्याही हिशोबात एक रकाना नाही, आणि तो तिथल्या माणसाचा आहे. २०२५ च्या सुरुवातीपासून च्यांग माई शहराच्या तालुक्यात किमान मजुरी दिवसाला ३८० बाट आहे. तुमच्या खोलीचे भाडे म्हणजे अशा मजुराची एकोणतीस दिवसांची कमाई. घरमालकाला तुम्ही हवेहवेसे वाटणारच. २०२० नंतर गोव्यात शिवोली, आसगाव, हणजूण येथे आम्ही हेच पाहिले: मुंबई, दिल्ली, बंगळुरूचा पगार घेऊन लोक घरून काम करायला आले, घरमालकांनी भाडी त्यांच्या हिशोबाने लावली, आणि म्हापशात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला लग्नानंतर गावात घर मिळेना. तो आता रोज डिचोलीहून येतो. तुम्ही वाईट माणूस आहात असे मी म्हणत नाही. आमच्याकडे आलेलेही बहुतेक सज्जनच होते, नमस्कार करायचे.

बिऱ्हाडकर

शिवोलीकर, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी लांब मुदतीच्या कराराने, स्थानिक मालकाच्या, फार जुन्या इमारतीत राहतो. माझ्या मजल्यावर विद्यापीठाचे चार विद्यार्थी आणि एक परिचारिका राहते, त्यामुळे मी एखादे कुटुंब हुसकावले असे मला वाटत नाही. पण निम्मानहेमिन रस्त्यावर भाड्यांचे जे झाले ते संथितामकडे सरकते आहे, आणि आम्ही त्या सरकण्याचा भाग आहोत, हे खरे आहे.

ताळेबंद यांच्याशी मात्र मी अर्धाच सहमत आहे. विमा आणि तिकिटे मी वगळली, ही चूक झाली. पण वार्षिक खर्च मोजायचे तर पुण्याचेही मोजा: सोसायटीची अनामत, दर वर्षी वाढणारे भाडे, आणि बाणेर ते स्वारगेट जायचे म्हटले की जाणारी अर्धी सकाळ, जिला तुमच्या ताळेबंदात रकानाच नाही.

ताळेबंद

सकाळचा विषय तुम्हीच काढलात, म्हणून लिहितो. हिवाळ्यात जर्मनीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचा दीड आणि तुमच्याकडे तीन वाजलेले असतात. म्हणजे जी मोकळी सकाळ तुम्ही विकत घेतल्याचे सांगता, ती पुण्यातही तुमच्याकडे होतीच; तेथे फक्त दीड तास वाढला, आणि तो रात्री अकराला काम संपवून तुम्ही परत फेडता. पुण्यात त्या सकाळी नातेवाइकांचे फोन आणि गॅसवाला येत होता, तेथे कोणी येत नाही. हा फरक मोठा आहे हे मी मान्य करतो, पण तो शहराचा नाही, एकटेपणाचा आहे, आणि तो मुळशीतही मिळाला असता.

आणखी दोन गोष्टी. एक, २०२४ च्या सुरुवातीला बाट २ रुपये ४० पैशांच्या आसपास होता. त्या दराने तुमचा हाच आठवडा १७,२८० रुपयांत बसला असता. तुमची कमाई युरोत असेल तर ठीक आहे, पण हा धागा वाचून रुपयांत पगार घेणारा कोणी निघाला, तर त्याने आपल्या हाती नसलेल्या या वाढीसाठी पैसे बाजूला ठेवावेत. दोन, कर. थायलंड जानेवारी ते डिसेंबर मोजतो आणि १८० दिवस झाले की तुम्हाला रहिवासी धरतो. २०२४ पासूनचे परदेशी उत्पन्न तिथे आणले, तर ते करपात्र ठरते. आपण एप्रिल ते मार्च मोजतो आणि १८२ दिवसांची रेषा पाहतो. दोन देशांच्या करवर्षांची ही गफलत अशी आहे की एखादा माणूस काही काळ दोन्हीकडे रहिवासी ठरू शकतो. दोन देशांमध्ये दुहेरी करटाळणीचा करार आहे, पण त्याचा लाभ घेण्याचे कागद आपोआप तयार होत नाहीत. माझ्याकडे करसल्ल्यासाठी येणारे असे बहुतेक लोक तिकीट काढल्यावर येतात.

बिऱ्हाडकर

दीड तासाचे गणित बिनतोड आहे, आणि मुळशीचा टोमणाही लागला. तरी मुळशीत मी गेलो नसतो, हे मला माहीत आहे. घरच्यांनी दर शनिवारी बोलावले असते आणि मी गेलोही असतो.

नवा हिशोब असा: करार संपतो तेव्हा, फेब्रुवारीच्या मध्याला, खोली सोडतो, धुराचे महिने पुण्यात आईवडिलांकडे काढतो आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर परत येऊन नवी खोली शोधतो. मग ते साठ हजार वाचतात आणि आठवडा साडेएकवीस हजारांच्या आसपास येतो. पुण्यापेक्षा पाच हजार जास्त. शीर्षकातल्या प्रश्नाचे माझे उत्तर 'नाही' असेच आहे.

नाम-प्ला-नको

खोली सोडणार असाल तर करारातले सूचनेचे कलम आजच वाचा. माझ्या पहिल्या घराच्या करारात तीस दिवसांची लेखी सूचना होती. मी ती तोंडी दिली आणि दोन महिन्यांची अनामत गेली. जूनमध्ये नवी खोली बघाल तेव्हा ती विमानतळाच्या बाजूला घेऊ नका, विमाने छतावरून जातात आणि तुमच्या त्या सकाळीही जातात.