विषय: पर्वरीचा फ्लॅट, ओटा आणि शटरमागे लपवायचा डिशवॉशर

मंडळी नमस्कार,

आम्ही जर्मनीतून, पण प्रश्न गोव्याचा. पर्वरीच्या फ्लॅटमधलं किचन सगळं काढून नव्याने करतोय, चवथीला घर उघडायचंच असं सासूबाईंनी जाहीर करून टाकलंय. इथे भाड्याच्या घरात डिशवॉशर कपाटाच्या दारामागे आहे, बाहेरून कळतही नाही, तसाच तिथे हवाय. मेस्त (मिस्त्री) म्हणतो "बाये, मशीन मागीर हाडात, हांव जागो दवरतां", म्हणजे मशीन नंतर आणा, मी जागा ठेवतो. ओटा ग्रॅनाइटचा, उंची 32 इंच धरलीय, शटर सागवानी, अख्खी 25 मिमीची फळी. मशीन इथून पाठवावं का तिथेच घ्यावं? आणि मेस्ताला नेमकं काय सांगू? फोंड्याचे काका, तुमच्याकडे असं बसवलंय ना, सविस्तर लिहाल का प्लीज.

पर्वरीकर वहिनी

---

वहिनी,

आधी मेस्ताला फोन करा आणि ओटा थांबवा, बाकी मेल नंतर वाचलात तरी चालेल.

"जागा ठेवतो" म्हणजे तो दोन फुटांचा खण ठेवणार आणि वर 32 इंचावर ओटा टाकणार. 32 इंच म्हणजे 81 सेमीच्या थोडं वर, त्यातून ग्रॅनाइट आणि खालचा कडप्पा मिळून 4 सेमी गेले की खाली उरतात 77. बिल्ट-इन मशीन पाय पूर्ण आत घेतले तरी साधारण साडेएक्याऐंशी असतं. म्हणजे ते आत जाणारच नाही, आणि एकदा ग्रॅनाइट चिकटला की कोणी काही करू शकत नाही. 34 इंच केलात तर खाली सव्वाब्याऐंशीच्या आसपास मिळतात, जेमतेम बसतं. मी 35 सांगेन. सासूबाईंना पोळ्या लाटायला उंच होईल अशी तक्रार येईल, तर लाटायचा तेवढा तुकडा वेगळा खाली घ्या, आमच्याकडे तसंच आहे. माप तयार फरशीपासून घ्यायला सांगा, कोब्यापासून नाही. आणि फरशी मशीनच्या खालीसुद्धा भिंतीपर्यंत घालून घ्या, पुष्कळ ठिकाणी पैसे वाचवायला पुढच्या कडेलाच थांबवतात आणि मग दुरुस्तीला मशीन बाहेर काढायचं तर पुढे फरशीचा उंबरा आडवा.

रुंदी कडप्प्याच्या दोन उभ्या फळ्यांच्या मध्ये स्वच्छ 60 सेमी हवी, वर खाली मागे पुढे सगळीकडे. मशीन 59.8 असतं, त्यामुळे 59 आणि थोडं असं चालत नाही. 45 सेमीचंही मिळतं पण त्यात आपले टोप आणि कढया बसवणं म्हणजे कोडं सोडवणं.

आता शटर. मशीनच्या दाराला स्वतःचा चेहरा नसतो, तुमची फळी त्यावर हुक आणि स्क्रूने चढते. बॉक्समध्ये कागदाचा टेम्प्लेट येतो, तो फळीच्या मागे लावून भोकं मारायची, म्हणून तो कोणी रद्दीत टाकू नये. पण फळीच्या वजनाला मर्यादा असते, आमच्या मॉडेलला साडेसात किलो आहे, तुमचं मॅन्युअल बघा. 18 मिमीचं प्लाय लॅमिनेटसकट साडेसहापर्यंत जातं. तुमची 25 मिमीची सागवानी फळी सातच्या घरात जाणार, वर पितळी हँडल लावलंत की संपलं, दार उघडलं की धाडकन खाली. दाराच्या स्प्रिंगचा ताण वाढवता येतो पण तोही एका हद्दीपर्यंत. शिवाय अख्खं लाकूड आपल्याकडच्या पावसात फुगतं आणि मे महिन्यात आकसतं, बाजूच्या शटरशी 3 मिमीची फट ठेवलीत तरी ऑगस्टमध्ये घासणार. म्हणून मरीन प्लाय, आयएस 710 चा शिक्का बघून, त्यावर सागाचं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. सगळी शटरं आणि ही फळी एकाच शीटमधून सलग कापायला सांगा, नाहीतर रेषा जुळत नाहीत आणि मग लपवण्याला काय अर्थ राहिला. एमडीएफ नको, वाफ लागून कडा फुगते.

तळाची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, निदान 10 सेमी उंच ठेवा. दार खाली येताना फळीची खालची कड आत फिरते आणि पट्टीला आपटते, त्यामुळे तिथे पट्टी थोडी कापावी लागते. तो कापलेला भाग मेस्त तसाच कच्चा सोडतो (सगळेच सोडतात!) आणि फडक्याचं पाणी तिथूनच आत जातं, एज बँड (कडेची पट्टी) मारून घ्या.

अजून एक, मशीन वर ओट्याला नाहीतर बाजूला कपाटाला स्क्रूने बांधावं लागतं, नाहीतर भरलेली खालची जाळी बाहेर ओढली की अख्खं पुढे झुकतं. ग्रॅनाइटला स्क्रू लागत नाही, म्हणून बाजूने. पण बाजूला नुसता कडप्पा असेल तर तिथेही काही लागत नाही, तेव्हा आतून 18 मिमी प्लायचा पॅनेल द्या, आणि तो लावल्यावर आत स्वच्छ 60 सेमी उरतील असं मोजा.

तिकडून पाठवू नका. व्होल्टेज जुळतं, पण प्लग, वॉरंटी, सुटे भाग, सगळ्यासाठी इथला माणूस म्हणणार आमचं मशीन नाही. इथे बॉश, हाफेले वगैरेंची बिल्ट-इन मिळतात. मशीन घरात आणा, खोकं उघडा, मग शटर कापा. आणि कंपनीचा माणूस आणि मेस्त एकाच दिवशी बोलवा, कारण एक फळीला हात लावत नाही आणि दुसरा मशीनला.

फोंड्याहून, काका

---

काकांच्या मेलला पुरवणी. वहिनी, फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे ना? मग टाकी डोक्यावरच, नळापासून फार तर 3 मीटर उंच, म्हणजे प्रेशर 0.3 बार. बऱ्याच मशीनला किमान 0.5 लागतं, म्हणजे 5 मीटर. प्रेशर पंप बसवा, नाहीतर मशीन पाणी भरताना एरर दाखवून थांबत राहील आणि तुम्हाला वाटेल मशीनच खराब. 16 अँपिअरचा सॉकेट आणि पाण्याचा कॉक सिंकखालच्या कपाटात, मशीनच्या मागे अजिबात नको, मागे असला तर बंद करायला हात कसा पोचणार. ड्रेनचा पाइप आधी वर चढवून मग सिंकच्या ट्रॅपला जोडायचा, सरळ खाली सोडला तर सिंकचं घाण पाणी मशीनमध्ये येतं.

मला खरं तर तुमच्यासाठी हे लपवालपवीचं प्रकरणच पटत नाही. घर वर्षातले नऊ दहा महिने बंद राहणार. मशीनच्या तळाशी थोडं पाणी राहतंच, ते कुजतं किंवा सुकतं, सुकलं की गटाराचा वास आणि झुरळं आत. दार किंचित उघडं ठेवावं लागतं, आणि पाइपच्या भोकातून उंदीर येतात, तिथे सिमेंट भरा. सुटं मशीन असेल तर ओढून बघता येतं. बाकी निर्णय तुमचा.

आणि हुमणाचं (माशाच्या आमटीचं) भांडं घालण्याआधी खोबऱ्याचा चोथा, काटे काढून टाका, फिल्टर त्यानेच तुंबतो. पितळ, ॲल्युमिनियम, बिडाचा तवा, मातीची कुंडली, करवंटीचा दवला (डाव) यातलं काही आत घालू नका.

म्हापशाहून, ताई

---

काका, ताई,

मेस्ताशी बोलले. ओटा अजून टाकला नव्हता, 35 इंच ठरलं, सासूबाईंना खालचा तुकडा मिळाला. साग रद्द, व्हिनियर. वरच्या ड्रॉवरची रेघ या फळीवर नुसती खाच मारून दाखवू म्हणतोय, छान दिसेल. ताई, तुमचं सुट्या मशीनचं पटतंय पण शेजारची सगळी कपाटं एका रांगेत आणि मध्येच पांढरा डबा हे मला बघवणार नाही. खाली शेजारच्या काकू किल्ली ठेवतात, त्या महिन्यातून एकदा रिकामं फिरवतील, विचारलंय.

काका, मशीन चवथीच्या आधी मागवलं तर डिलिव्हरी घ्यायला पर्वरीला कोणी नाही. तुमच्या पत्त्यावर मागवलं तर चालेल का? खोकं मोठं आहे, पोर्चमध्ये ठेवलं तरी हरकत नाही, फक्त पावसात नको.

वहिनी