मानेची शीर दबली आहे – पट्टा लावू की नको? मदत हवी आहे

तळटीप
तीन आठवडे झाले. मान उजवीकडे वळत नाही, हातात कळ जाते. एमआरआयमध्ये शीर दबलेली आलीय. गोळीने नुसती झोप येते. पट्टा लावावा का? घरी ट्रॅक्शन (वजन लावून मान ओढणं) चालेल का? सोमवारपासून ऑफिस आहे, लवकर सांगा.

निशिगंध
कोणत्या मणक्यात? मुंग्या कोणत्या बोटाला? मानेतल्या शिरांना क्रमांक असतात: अंगठा-तर्जनी म्हणजे साधारण सी६, मधलं बोट सी७, करंगळी सी८. गोळी कोणती?

उंबरठा
उशी काढून टाका आणि सपाट झोपा. अर्धा त्रास तिथेच जातो.

निशिगंध
कुशीवर झोपणाऱ्याने उशी काढली की मान खाली लोंबते आणि शिरेची वाट आणखी चिंचोळी होते. खांद्याच्या टोकापासून कानापर्यंत जेवढं अंतर, तेवढी उशी हवी. पोटावर मात्र झोपूच नये.

तळटीप
सी६-सी७ मणक्यांमध्ये. मधलं बोट. शिरेच्या दुखण्याची प्रीगॅबालिन ७५ मिग्रॅ, रात्री.

काळीमाती
मग जुळतंय, मानेत त्या फटीतून सी७ची शीर निघते. दंडाच्या मागच्या स्नायूची ताकद बघा: भिंतीला तळवे टेकून ढकलताना उजवं कोपर लवकर वाकतं का? उजवा हात डोक्यावर ठेवल्याने कळ कमी होत असेल तर बसताना तसाच ठेवा, शिरेवरचा ताण सैल होतो.
मऊ पट्टा फार तर आठवडा-दोन आठवडे, तोही प्रवासात किंवा दुखणं वाढलं तर. जास्त लावला तर स्नायू ढिले पडतात.
हनुवटी सरळ मागे ओढून ५ सेकंद धरा, १० वेळा, दिवसातून तीनदा. मान वर-खाली करायची नाही. कळ बोटांकडे उतरू लागली तर लगेच थांबा. दंडाकडे वर सरकली तर ठीक चाललंय.
झोप येते तोवर दुचाकी नको. गोळी मनाने एकदम बंद करू नका.

पाणपोई
बी१२ जीवनसत्त्व तपासलंत का? मुंग्या त्यानेच येतात.

काळीमाती
त्याच्या मुंग्या बहुतेक दोन्ही पायांपासून सुरू होतात. एकाच हाताचं एकच बोट आणि त्याच जागेचा एमआरआय असताना आधी मान बघायची.

उंबरठा
दाराला दोर बांधून पाण्याची पिशवी लावा. घरचं ट्रॅक्शन, खर्च शून्य.

निशिगंध
कृपया असलं सुचवू नका. ओढीची दिशा चुकली, मान मागे गेली की दाब वाढतो. वजन आणि कोन फिजिओने तपासून ठरवायचा असतो. आणि सलूनमध्ये मान कडकन मोडून घेऊ नका, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.
तळटीप, चालताना तोल जातो का? लघवीवर ताबा आहे ना? बोटांची बारीक कामं जमतात?

तळटीप
तोल ठीक. लघवी ठीक. शर्टाची बटणं लावताना चार दिवस अडखळतंय, दोन्ही हातांनी. ते महत्त्वाचं आहे का?

निशिगंध
हो. दोन्ही हात म्हणजे मज्जारज्जूवर दाब असू शकतो. व्यायाम, ट्रॅक्शन सगळं थांबवा. अहवालात मज्जारज्जूबद्दल काय लिहिलंय ते बघा आणि आजच स्पाइन सर्जन किंवा न्यूरोसर्जनला फोन करून बटणांचं सांगा. सोमवारची वाट बघू नका.