मदत हवी आहे: जुनी कंपनी बीजीव्हीला (बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे आधीच्या नोकरीची पडताळणी) उत्तरच देत नाहीये

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा प्लीज, कारण अर्धवट वाचून सगळे 'एचआरशी बोला' म्हणतात आणि इथे एचआरच फोन उचलत नाहीये.

आधीच्या कंपनीत नोटीस पिरियड ९० दिवसांचा होता. नवीन कंपनी तेवढं थांबायला तयार नव्हती म्हणून मॅनेजरशी बोलून उरलेले दिवस बायआउट करायचं (म्हणजे त्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटायचं) ठरलं, राजीनामा मंजूर, शेवटचा दिवस अमुक तारीख, अशी त्याची स्पष्ट मेल माझ्याकडे आहे. लॅपटॉप, आयकार्ड जमा करून पोच घेतली. पुढे तो मॅनेजरच सोडून गेला आणि एचआरने पवित्रा बदलला, बायआउट आम्ही मंजूर केलाच नव्हता म्हणे! एफअँडएफ (शेवटचा हिशेब) होल्डवर, रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र) नाही, मेलला उत्तर नाही.

मी नवीन ठिकाणी जॉइन झालेय, पण बीजीव्ही अजून चालू आहे. एजन्सीने जुन्या एचआरला मेल टाकल्या, तिकडून चकार शब्द नाही, त्यामुळे माझ्या नावापुढे इनसफिशियन्सी (माहिती अपुरी असा शेरा) लागलीये. त्यात कहर म्हणजे पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरीत जुन्या कंपनीसमोर डेट ऑफ एक्झिट (नोकरी सोडल्याची तारीख) कोरीच, आणि त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम नंबरवर) नवीन कंपनीचा पीएफ सुरू झालाय, म्हणजे कागदोपत्री मी एकाच वेळी दोन नोकऱ्या करतेय. एजन्सीने नेमकं तेच विचारलंय.

ऑफर लेटर, सगळ्या पेस्लिपा, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट आणि ती मेल, एवढं आहे. हे पुरेल का? आणि नवीन एचआरला भांडणाचं मी आपणहून सांगू की रिपोर्टची वाट बघू? कुणीतरी सुचवलं की ओळखीच्या माणसाचा नंबर एचआर म्हणून दे. ते मी करणार नाहीये, कृपया सुचवू नका.

प्रतिसाद १

व्हेरिफिकेशनच्याच कामात आहे म्हणून सांगतो. समोरच्याने उत्तर दिलं नाही तर रिपोर्टमध्ये 'अनेबल टू व्हेरिफाय' येतं, म्हणजे पडताळणी झाली नाही इतकंच, तुम्ही खोटं बोललात असा त्याचा अर्थ होत नाही. एजन्सी फक्त रिपोर्ट देते, ठेवायचं की काढायचं हे तुमची कंपनी ठरवते. म्हणून आजच नवीन एचआरला स्वतः मेल टाका, रिपोर्टमधून कळलं की माणूस लपवत होता असंच वाटतं.

कागदांत फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या टॅक्सचा उतारा) जोडा. त्यात कंपनीचं नाव, टॅन (टॅक्स कापणाऱ्या कंपनीचा नंबर) आणि पगारावर कापलेला टीडीएस तारखेनिशी दिसतो, तो इन्कम टॅक्सच्या साइटवरून येतो म्हणून पेस्लिपपेक्षा त्याला वजन जास्त, पेस्लिप काय कुणीही घरी बनवतो. अर्थात टॅक्स कापलाच गेला नसेल तर तिथे काही दिसणार नाही, मग पीएफ पासबुक आणि बँकेतल्या पगाराच्या नोंदी. तो मॅनेजर आता जिथे असेल तिथून मेलवर दुजोरा देत असेल तर तोही घ्या, काही एजन्सी धरतात. आणि पोर्टलचा पासवर्ड किंवा ओटीपी कुणी मागितला तर देऊ नका, पीडीएफ डाउनलोड करून पाठवा.

प्रतिसाद २

एक्झिट डेटसाठी कंपनीच्या पाया पडायची गरज नाही. जुन्या कंपनीचं शेवटचं पीएफ काँट्रिब्युशन होऊन २ महिने झाले असतील तर यूएएन पोर्टलवर मॅनेजमध्ये मार्क एक्झिट आहे, आधारच्या ओटीपीवर होतं. तारीख मात्र शेवटचं काँट्रिब्युशन ज्या महिन्याचं आहे त्याच महिन्यातली टाकता येते. नीट बघून टाका, एकदा टाकली की बदलायला डोकेदुखी. मेलमधली लास्ट वर्किंग डेच हवी, नाहीतर एजन्सी आणखी एक शंका काढेल.

प्रतिसाद ३

वकिलाची नोटीस पाठवा, सुतासारखे सरळ येतात.

प्रतिसाद १ (पुन्हा)

पाठवायला हरकत नाही, पण बीजीव्ही तोवर थांबत नाही. आधी अपॉइंटमेंट लेटरमधला नोटीसचा क्लॉज वाचा. बायआउटचे पैसे खरंच देणं लागत असाल तर भरून लेखी पोच घ्या, लेटर अडवायला त्यांच्याकडे निमित्तच उरणार नाही.

धागाकर्ती

खूप आभार! २ महिने होऊन गेलेत, एक्झिट मार्क केली, सर्व्हिस हिस्टरीत तारीख दिसतेय. नवीन एचआरलाही सगळं लिहिलं, त्या बऱ्या निघाल्या, २६एएस आणि सेल्फ डिक्लेरेशन द्या म्हणाल्या. क्लॉजमध्ये बायआउट आहे पण 'कंपनीच्या मर्जीनुसार' असं शेपूट जोडलंय, ते वकिलाला दाखवते. डिक्लेरेशनमध्ये एफअँडएफचा वाद लिहू का?

प्रतिसाद १

लिहा, दोन ओळीत. राजीनामा कधी दिला, मंजूर कधी झाला, लेटर किती वेळा मागितलं, त्या मेल सोबत जोडा. जुन्या कंपनीला शिव्या मात्र एकही नको, वाचणारा एचआरच असतो.